राबाचा कोपरा

"आये, पेटवू नको! थांब, पेटवू नको!"

नयन बांधावरून ओरडत धावत सुटला होता. एक चप्पल मागे राहिली तरी त्याला भान नव्हतं. पण आवडाबाईचा हात असा थांबतो होय? चाळीस वर्षं दर वैशाखात तिनं राब भाजला होता. भाताचं बी टाकायच्या जागेवर शेण, फांद्या, सुका पाला पसरायचा, वर मातीचा पातळ थर टाकायचा आणि पेटवून द्यायचं. त्या राखेत रोप कसं जोमानं येतं! पोरगा नको म्हणतो म्हणून तिनं आयुष्यात काही थांबवलं नव्हतं. तिनं काडी ओढली आणि टाकली.

राब कधी भडकत नाही. तो दिवसभर आपला धुमसत बसतो. आज मात्र कढईतलं तेल पेटावं तसा तो भक्कन वर आला, तोही पाल्यातून नाही, जमिनीतून. आवडाबाईच्या भुवया जळाल्या, लुगड्याचा पदर पेटला. नयननं उडी मारून तिला धरली, पदर दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिला आणि मग तिला ओढत चरात लोटली. पदर विझला. त्याच्या तळहातांची कातडी पदरालाच चिकटून राहिली.

आवडाबाई चरात पडल्या पडल्या आगीकडे बघत नव्हती. ती पोराकडे बघत होती.

"तुना कसा ठावा?"

नयन हात हवेत धरून कण्हत होता.

"तुना कसा ठावा, का पेट घेल म्हनून?"

गेले तीन महिने त्या कोपऱ्याला उग्र वास येत होता. पण त्यांचा पाडा डोंबिवलीच्या कारखान्यांच्या अगदी पाठीशी. तिथं वास कुठून येतो असं विचारणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. तिनं एकदा विचारलं होतं, तेव्हा नयन म्हणाला होता, "नाल्याचा गो." आणि तिनं, पोटचा पोर सांगतोय म्हणून, विश्वास ठेवला होता.

"मीच टँकर लावलेला," नयन रडत म्हणाला. "कंपनीचा टाकाऊ माल. जमीन मेली का तू सोडशील, असा वाटला. सगल्यांनी विकली आये, सगल्यांचे टावर जाले. आपनच दहा गुंठं कवटालून बसलोय!"

राब उकरायचा बांबू जवळच पडला होता. आवडाबाई उठली, बांबू उचलला आणि पोराच्या पाठीत घातला. एकदा, दोनदा, मग तिनं मोजलंच नाही. नयन गुडघ्यांवर आला. हात भाजलेले, त्यामुळे त्याला डोकंही झाकता येईना. कानामागून रक्त आलं तरी बांबू चालूच.

घरातून सून धावत आली. भावना मूळची ठाण्याच्या वर्तकनगरची, कल्याणला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिनं सासूच्या कमरेला मिठी मारली.

"आई, सोडा! हात भाजलेत त्याचे!"

"मंग पाठ हाय ना!"

"आपन दरसाल जालतोच ना!" नयन खालून किंचाळला. "तवा नाय मरत तुजे किडे?"

"राब चार बोटां जालतो, मेल्या! खालचे जिते ऱ्हातान, पावसाला वर येतान. तू खालपासून मारलास!"

बांबू मधोमध मोडला तेव्हाच ती थांबली.

हे "किडे" भावनानंच घरात आणले होते. महाशिवरात्रीच्या सुमाराला ती सासूला म्हणाली होती, "आई, चमचाभर मातीत जगात माणसं नसतील इतके जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

"मंग त्यांना खायाला कोन घालतं?"

"मुळं घालतात. आणि ते मुळांना घालतात. पाला, शेण, मेलेलं सगळं तेच कुजवतात आणि पिकाला परत देतात."

आवडाबाई मनापासून हसली होती. त्या जिवांचं आणि मुळांचं सासू-सुनेपेक्षा बरं चाललंय, म्हणाली होती. मग भावनानं एक परीक्षा सांगितली. जुनं सुती कापड वीतभर खोल पुरायचं, रोज थोडं पाणी घालायचं आणि तीन महिन्यांनी काढायचं. माती जिवंत असेल तर ती कापड खाऊन टाकते.

जुनं सुती कापड म्हणून आवडाबाईनं ट्रंकेतून नवऱ्याचे दोन रुमाल काढले. राघोला जाऊन सहा वर्षं झाली होती. आगरी माणूस कमरेला बांधतो तसलेच, लाल काठाचे, घामानं मऊ झालेले. "जनम मातीत गेला त्याचा," ती म्हणाली. "तिलाच खाऊ दे." एक रुमाल विहिरीकाठी माठाच्या भाजीच्या वाफ्यात पुरला आणि एक राबाच्या कोपऱ्यात. दोन्हीकडे रोज तांब्याभर पाणी ती स्वतः घालायची. नयन ओट्यावर बसून ते बघायचा आणि चहा प्यायचा.

आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, नयन इस्पितळात असताना, टँकर पुन्हा आला, एरवी घर झोपेत असताना अंधारात येऊन जायचा तसाच. ड्रायव्हरला कुणी काही कळवलंच नव्हतं. तो नेहमीसारखा बांधाला मागचं चाक लावून पाइप सोडायला उतरणार, तेवढ्यात रात्रभर जागी असलेली आवडाबाई पहार घेऊन समोर उभी. पहिल्या घावात पुढची काच फुटली. काचा ड्रायव्हरच्या कपाळात घुसल्या.

"अम्मा, पागल हो गई क्या? आपके लड़के ने बुलाया है!"

"ठावा हाय मना!"

दुसरा घाव दारावर, तिसरा त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज घराच्या दारातून भावनाला ऐकू आला. ड्रायव्हरनं एका हातानं गाडी मागे घेतली, अर्धा बांध पाडला आणि पळाला. आवडाबाई पडलेल्या बांधावर बसली. तिला वाईट वाटत होतं. पण ते त्या माणसासाठी की बांधासाठी, हे विचारायची भावनाची छाती झाली नाही. पोलीस आले, लिहून घेऊन गेले.

दहा दिवसांनी नयन घरी आला. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. आवडाबाई त्याला भात भरवायची, पाणी पाजायची. पण आगीच्या दिवसापासून त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मग रुमाल पुरल्याला तीन महिने भरले. तिनं कुदळ घेतली. भावना पाठोपाठ गेली आणि नयनही गेला. त्याला कुणी ये म्हणालं नव्हतं.

आधी विहिरीकाठी. वीतभर माती निघाली तरी रुमाल लागेना. आवडाबाई हातांनी चाचपू लागली. शेवटी लाल काठाची एक चिंधी मिळाली, तीही बोटात धरताच तुटली. आत पांढरे बारीक तंतू पसरले होते आणि दोन गांडुळं वळवळत होती.

"खाल्लान! सगला खाल्लान गो!" आवडाबाई लहान पोरीसारखी ओरडली आणि मातीचा हात तसाच डोळ्यांना लावून रडली. मूठभर माती तिनं सुनेच्या नाकाशी धरली. "वास घे. वास घे ना!"

मग ती कोपऱ्यात गेली. तिथल्या राखेत तणसुद्धा उगवलं नव्हतं. कुदळीच्या चौथ्या घावाला काठ दिसला. तिनं ओढला. रुमाल आख्खा वर आला. एक भोक नाही, एक धागा सुटलेला नाही. राघोनं एका टोकाला मारून ठेवलेली गाठही तशीच.

भावनानं तोंडावर हात ठेवला.

आवडाबाईनं रुमाल दोनदा झटकला, नीट घडी घातली आणि नयनसमोर आली. तो मागे सरकला. पुन्हा मारते की काय, असं त्याला वाटलं असावं. तिनं घडी त्याच्या खांद्यावर ठेवली.

"तुज्या बापाचा हाय. मातीनं नाय घेतलान. आता तूच वापर."

"आये..."

रुमालाला औषधाच्या बाटलीसारखा वास येत होता. नयननं मान वळवली, खांदा हलवला. रुमाल पडला नाही आणि पट्ट्यांतल्या हातांनी त्याला तो काढताही येईना.

आवडाबाईनं विहिरीकाठची माती घमेल्यात भरली, डोक्यावर घेतली आणि कोपऱ्याकडे निघाली. नयन वाटेतच उभा होता. तिनं त्याला वळसा घातला.