चार जणांची दिल्ली

रविवारी सकाळी अल्काने दिल्लीच्या सहलीचा कागद पहिल्यांदा नीट वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कागद तिच्या दिराने, प्रफुल्लने केला होता. प्रफुल्ल गोंदियात मोबाईलच्या एका दुकानात कामाला. अजून बिनलग्नाचा, आणि कुठलीही गोष्ट स्वस्तात कशी उरकायची याचा घरातला एकमेव जाणकार. दर शनिवारी नवेगाव बांधला घरी यायचा, तो कुठली ना कुठली सूट शोधूनच यायचा. महिनाभर त्याने मोबाईलवर अख्खी दिल्ली चाळून काढली होती. जायचं एप्रिलच्या शेवटी, कारण उन्हाळ्यात तिकडे खोल्या स्वस्त. हॉटेल नाही, धर्मशाळा. तीही अशी की जिथे उतरणाऱ्यांना रांधायला गॅस आणि भांडी मिळतात. तांदूळ घरचे, डाळ घरची, तिखट-मीठ घरचं. "जेवनाचा खर्च झिरो!" तो सांगायचा, आणि असा फुगायचा की जणू झिरो त्यानेच शोधून काढला. अल्काचा नवरा भोजराज शेजारी बसून मान डोलवायचा.

"एवढ्या उन्हात दिल्ली का रे?" असं सासूने, पार्वताबाईंनी, एकदा विचारलं होतं. "नवेगावात का बर्फ पडते का, माय?" असं उत्तर मिळालं. सगळं घर हसलं होतं. अल्काही हसली होती, हे आठवून तिला आता स्वतःचाच राग आला.

तिला दिल्लीत एकच जागा बघायची होती. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, बघायला मिळालं तर चांगलंच. पण अलिपूर रोडवर ज्या जागी बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला, तिथे आता स्मारक झालं आहे, तिथे तिला उभं राहायचं होतं. तिचे वडील शिलाईच्या मशीनवर बसून आयुष्यभर म्हणत राहिले, एकदा तिथं जाऊन डोकं टेकवायचं. अल्का बारावी झाली की तिलाही नेणार होते. बारावी झाली, पुढच्याच महिन्यात तिचं लग्न झालं, आणि वडील गेले ते दिल्ली न बघताच. आज अठरा वर्षांनी दिल्लीची तिकिटं हातात आली होती. महिनाभर ती रात्री पाठ टेकली की मनातल्या मनात त्या दारात जाऊन उभी राहत होती.

आणि कागदावर लिहिलं होतं: दिवस तिसरा, अलिपूर रोड, ई-रिक्षा, ४ जण.

तिने वर बघितलं. दिवस पहिला, लाल किल्ला, प्रवेश तिकीट, ४ जण. दिवस दुसरा, कुतुबमिनार, मेट्रो, ४ जण. अगदी वर रेल्वेचं आरक्षण, तिथे मात्र ५ जण. तिने घरातली माणसं बोटांवर मोजली. सासू, नवरा, दीर, मुलगी समीक्षा आणि ती स्वतः. पाचच होती.

"भाऊजी," तिने हाक मारली, "हे चार जन कोन?"

प्रफुल्ल सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर मोबाईल घेऊन पडला होता. "आमी चौघं, वयनी. मी, दादा, माय अन् समीक्षा."

"अन् मी?"

तो खरंच गोंधळला. उठून बसला. "तुमी त रूमवर राहान ना. आमी फिरून येईपर्यंत रांधून ठेवान. त्याच्यातच त पुरा पैसा वाचून राहिला, वयनी! बाहेर पाच जनाचं दोन टाइम जेवन म्हनजे का मजाक आहे का? अन् ई-रिक्षात बसतेच चार जन. सिंपल हिसाब आहे."

तो कुत्सितपणे बोलला नाही, हेच अल्काला जास्त झोंबलं. खिजवून बोलला असता तर तिने तिथल्या तिथे त्याची चामडी लोळवली असती. पण तो ज्या सहजतेने बोलला, त्या सहजतेने माणूस पिशवीत तांदूळ टाकतो. त्याच्या हिशेबात ती माणसांमध्ये नव्हतीच, सामानात होती. सामानालाही रेल्वेत जागा लागतेच की.

भोजराज अंगणात सायकलची साखळी बसवत होता. "तुमाले मालूम होतं का?" तिने विचारलं.

"त्यात का मालूम असाचं?" भोजराज मान वर न करता म्हणाला. "कोनाले त रांधाच लागन ना. पचमढीले नाही रांधलं का तू?"

पचमढी! दोन वर्षांपूर्वी असंच स्वस्तात जाऊन आले होते. अल्काने पचमढीत काय बघितलं? लॉजच्या मागचं अंगण, गळका नळ आणि तिच्या पिठावर टपून बसलेली माकडं. बाकीचे धबधबे बघून यायचे, ओल्या कपड्यांनी ताटावर बसायचे आणि म्हणायचे, भाजीत मीठ कमी पडलं. समीक्षाने पचमढीवर शाळेत निबंध लिहिला होता. आई त्यात एकदाच आली होती, "आईने गरम गरम भजी केली" एवढ्यापुरती.

आज नववीची परीक्षा संपवून रिकामी बसलेली समीक्षा मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होती. "मम्मी," ती हळूच म्हणाली, "पचमढीचे एकशे बारा फोटो आहेत. तू एकाही फोटोत नाहीस. एकात तुझं कोपर आहे."

अल्काने ते कोपर बघितलं. आणि मग तिने आवाज चढवला तो चढवलाच.

"आयका सगळे! माह्या टोळीत बारा बाया हायेत. लांबच्या गावचं काम धरलं का समाजमंदिरात चार-चार दिवस मुक्काम राहते आमचा. तिथं चुलीची पाळी कशी चालते, कोनी इचारलं का मले कधी?"

कुणी विचारलं नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. अल्का रोवण्याच्या टोळीची मुकादम होती. पावसाळ्यात धानाची रोपं लावायला बायांना घेऊन गावोगाव जायची. मुक्कामावर रोज एक बाई मागे राहून सगळ्यांचं रांधते, बाकीच्या धानाच्या बांधीतल्या चिखलात उतरतात. नियम पक्का होता: पाळी रोज फिरणार, लागोपाठ दोन दिवस कुठलीही बाई चुलीपाशी राहणार नाही, आणि चुलीवालीला रोजी चिखलातल्या बाईइतकीच. काल आलेली पोरगी असो की मुकादम स्वतः, पाळी कुणाला चुकत नव्हती.

"फिराचे दिवस तीन," अल्का म्हणाली. "पहिल्या दिवशी मी रांधतो. दुसऱ्या दिवशी भाऊजी. तिसऱ्या दिवशी तुमी. रोज एक जन रूमवर, चार जन बाहेर. रिक्षा चौघाचीच लागन. भाऊजी, तुमचा हिसाब एक रुपयानं बिघडत नाही."

हिशेब खरोखरच बिघडत नव्हता. प्रफुल्लने कागदाकडे बघितलं आणि डोकं खाजवलं.

"म्या दिल्लीले जाऊन भाजीले फोडनी देऊ का?" भोजराज आता उठून उभा राहिला. "लोक का म्हनतील?"

"कोनते लोक? दिल्लीत तुमाले कोन ओरखते?"

"मले येत नाही."

"मले मायच्या पोटातून येत होतं का?"

भोजराजने हातातला पाना आपटला. "असं आहे त जाऊच नोका कोनी! कॅन्सल कर रे तिकिटं, प्रफुल्ल. घरी बसा सगळे."

हे हत्यार पुरुषांना बरं सापडतं. भांडण स्वयंपाकाचं, आणि क्षणात सगळ्यांची दिल्ली अल्काने बुडवली असं होऊन बसलं. समीक्षाचा चेहरा उतरला. प्रफुल्ल "वयनी, एवढ्याशा गोष्टीवरून..." म्हणू लागला. एवढीशी गोष्ट! एवढीशी होती तर तुम्ही का करत नाही रे?

अल्का पार्वताबाईंकडे वळली. त्या दाराशी बसून चिंच फोडत होत्या. "आई, टोळीतला नियम कोनी पाडला? तुमीच ना? माह्याआधी मुकादम तुमीच होत्या. सांगा यायले."

पार्वताबाईंनी चिंचोका बाजूला टाकला. "टोळी वेगळी, घर वेगळं," त्या म्हणाल्या.

तेव्हा मात्र अल्काचा तोल सुटला. ती आत गेली, सहलीसाठी काढून ठेवलेली तांदळाची थैली तिने फरफटत सपरीत आणली आणि प्रफुल्लच्या पायाशी टाकली. "घ्या! न्या तुमची दिल्ली. माहं एकटीचं तिकीट कॅन्सल करा. तिथं हे तांदूर आपोआप शिजतेत का पाहा!"

थैलीचं तोंड सुटून मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले. कुणी उचलले नाहीत.

समीक्षा आजीजवळ जाऊन बसली. "आजी, टोळीत नियम पाडलास, मग घरात काऊन नाही पाडला?"

"टोळीत मी मुकादम होती, बाई," पार्वताबाई म्हणाल्या. "घरात मी कोन होती?"

असं म्हणून त्यांनी चिंचेवर हाणायला दगड उचलला, तो हाणलाच नाही. हात तसाच राहिला. मग त्या बोलल्या, आणि समीक्षाशी नाही, भोजराजशी.

"नागपूरले मी अकरा डाव गेली. दसऱ्याले, ट्रकमंदी बसून, तुहा बाप अन् गावातले वीस मानसं. दीक्षाभूमीच्या बाहेर तीन इटा मांडून मी वीस जनाचं रांधलं. हे लोक आत जाऊन येत, पंचशील घेऊन येत, मले सांगत का आत असं आहे, तसं आहे. मी अकरा डाव आयकलं. पाह्यलं एक डावही नाही." त्यांचा आवाज एकाएकी फाटला. "मलेही दीक्षा होती ना रे? का फकत तुमालेच होती? कोनी म्हटलं का, पार्वता, तू जा, मी पाहतो भाताकडे? एकानं? अकरा वर्सात?"

भोजराज खाली बघू लागला. आईला असं बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"समीक्षा, पेन घे," पार्वताबाई म्हणाल्या. "लिह. तिसरा दिवस. अलिपूर रोड. रूमवर कोन? भोजराज. मोठ्या अक्षरात लिह. दुसऱ्या दिवशी हा दीडशहाणा." त्यांनी प्रफुल्लकडे बोट दाखवलं. "येत नसन त शिका. आजपासून. अजून बारा दिवस हायेत."

"बरं, माय," भोजराज पुटपुटला. "तू म्हनतेस त..."

तू म्हणतेस तर! अल्काच्या कानाला ते शब्द चटका देऊन गेले. हेच ती अर्धा तास घसा फोडून सांगत होती. तिने सांगितलं तेव्हा तिकिटं रद्द होत होती, आईने सांगितलं तेव्हा "बरं, माय." म्हणजे बाईचं ऐकायला बाई आधी म्हातारी व्हावी लागते, अकरा वेळा तिला दाराबाहेर रांधत बसावं लागतं. जिंकल्याचा आनंद वगैरे तिला काही झाला नाही.

ती सपरीतल्या खुर्चीत जाऊन बसली. या खुर्चीत ती सकाळी अकराला कधी बसली नव्हती. आत भोजराज आणि प्रफुल्लची खुडबुड सुरू झाली. डबे उघडले, बंद झाले. हळद कुठे आहे यावर दोघांत वाद झाला. तेल जास्त तापलं, मोहरी उडाली, कुणीतरी ओरडलं. जळक्या लसणाचा वास बाहेर आला. अल्काचे पाय सवयीने उठायला बघत होते. तिने ते जमिनीवर दाबून धरले. शेजारी पार्वताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सांडलेले तांदूळ अजून तिथेच होते.

थोड्या वेळाने हातात पळी घेऊन भोजराज दारात आला. कपाळावर घाम, सदऱ्यावर हळदीचे डाग.

"अल्का," तो म्हणाला, "वरनात मीठ किती टाकू?"

अल्काने त्याच्याकडे बघितलं नाही. समोर, अंगणाच्या पलीकडे बघत ती म्हणाली, "मले काऊन इचारता? मी अलिपूर रोडवर हावो."