एकाच्या बदल्यात दोन

परमेश्वर गावच्या कबड्डी संघाचा मॅनेजर झाला, त्या दिवसापासून महारुद्रच्या घशाखाली चहासुद्धा धड उतरत नव्हता. दोघे एका वयाचे, मारुतीपुढच्या एकाच मैदानात गुडघे फोडून घेतलेले. चढाईला जायचा महारुद्र. परमेश्वर कोपऱ्यात उभा राहून माती खायचा. टाळ्या कुणाला पडायच्या हे गावात कुणालाही विचारा. आणि खिळखिळा झालेला संघ नव्याने बांधायची वेळ आली, तेव्हा गावाने बोट दाखवलं ते परमेश्वरकडे. का, तर म्हणे तो थंड डोक्याचा! थंड तर रांजणही असतो, म्हणून त्याला कुणी मॅनेजर करतं का?

आणि या रांजणाने पहिल्याच वर्षी काय करावं? रामकिशन, संघाचा हुकमाचा एक्का, जिंतूरच्या संघाला देऊन टाकला. बदल्यात तिथे बाकावर बसून राहणारे दोन कोवळे गडी आणले, बजरंग आणि त्याचा मावसभाऊ. बन्सीधरच्या हॉटेलात मग दुसरा विषयच उरला नाही.

"माणूस काय बैल हाय का, बाजारात बदलायला?" महारुद्रने बाकड्यावर थाप मारली.

"बैल तरी दात बघून घेतेत," म्हातारे दत्तराव म्हणाले. गावाचा एकही सामना त्यांनी कधी चुकवला नव्हता.

"पण रामकिशनचं वय बी बघा की," बन्सीधर चहा गाळता गाळता म्हणाला. "गुडघा कुरकुर करायलाय त्येचा. परमेश्वर म्हणतो, दोन सालं हरू, मग धा सालं जिंकू."

"त्येचा कुरकुरणारा गुडघा बी ह्या बजरंगाच्या दोन पायाला भारी हाय! अन् चढाईसाठी आणलेला गडी सामन्यात कोपऱ्यात उभा करायलाय. ही कंची अक्कल?"

बन्सीधर पुढचा चहा गाळायला लागला. संघ सबंध हिवाळा हरत राहिला. संघ हरला की महारुद्र चारचौघांत सुतकी तोंड करायचा आणि घरी जाऊन एक भाकरी जास्त खायचा. सविता ताटात भाकरी टाकताना विचारायची, "आज बी हरले वाटतं?" बायकोपासून काय लपतं?

त्याचा हिशेब सरळ होता. हनुमान जयंतीला गाव पारावर बसतं आणि मॅनेजर ठेवायचा की बदलायचा ते ठरवतं. त्याआधी जिंतूरची स्पर्धा. तिथे परमेश्वर तोंडावर आपटला की खुर्ची महारुद्रचीच. म्हणून तो रोज संध्याकाळी पारावर बसून तालीम बघायचा, चुका हेरायला. एक सापडलीही. तालमीत बजरंग चढाईला गेला की दर वेळी उजव्याच अंगाने आत शिरायचा. वर परमेश्वर ओरडायचा, "बजरंगा, उजवीकडून! उजवीकडूनच!" महारुद्र मनातल्या मनात हसायचा. असल्या चढाईपटूला तर शाळेतली पोरंही धरतील.

जिंतुरात मात्र आक्रीत घडलं. वर्षभर कोपऱ्यात घासलेल्या त्या दोन गड्यांनी पकडीवर पकडी केल्या आणि संघ थेट अंतिम सामन्यात गेला. समोर जिंतूर, त्यांचा कर्णधार रामकिशन. गावचे लोक ट्रॅक्टर भरभरून आले. दत्तराव तर परमेश्वरच्या पाठीवरून हात फिरवत होते, कालपर्यंत शिव्या घालणारे दत्तराव! महारुद्र ते दुरून बघत होता. हा जिंकला तर जन्मभर मॅनेजर, आणि आपण जन्मभर पारावर.

सामन्याआधी त्याने रामकिशनला पाण्याच्या टँकरमागे गाठलं.

"बजरंगाला चढाईला पाठिवला तर उजवं अंग धरा. त्येला दुसरं कायबी येत न्हाई."

रामकिशन त्याच्याकडे बघतच राहिला. "रुद्रा, गाव तुझं हाय ना?"

"गाव माझंच हाय. मॅनेजर माझा न्हाई."

बोलून झालं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पण सुटलेला शब्द काय परत येतो?

शेवटच्या चढाईला जिंतूर दोन गुणांनी पुढे होतं. परमेश्वरने कोपऱ्यातून बजरंगला बोलावलं आणि पुढे धाडलं. रामकिशनने डोळ्याने इशारा केला. चौघे उजव्या अंगाला दबा धरून बसले, डावीकडे उरला एक म्हातारा होत आलेला गडी आणि त्याच्यामागे मोकळी माती. बजरंगने उजवीकडे खांदा टाकला आणि वीज पडल्यासारखा डावीकडे वळला. गडी शिवला, तिकडून धावून आलेले दोघे शिवले, आणि मधल्या रेषेवर येऊन पडला. तीन गुण. गावाने पागोटी उडवली. महारुद्र टाळ्या वाजवत होता, कारण शेजारचे सगळे त्याच्याकडे बघत होते.

हनुमान जयंतीला गाव पारावर बसलं. मॅनेजर बदलायचा विषयही कुणी काढला नाही. परमेश्वर उभा राहिला आणि म्हणाला, "पहिला मान महारुद्रचा. रोज तालमीला बसून संघासाठी त्येनं जेवढं केलं, तेवढं कुणीच केलं न्हाई."

लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. महारुद्रला पुढे जावंच लागलं. परमेश्वरने त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि ती नीट बसवण्याच्या निमित्ताने कानाशी वाकला.

"तू पारावर दिसला की मी बजरंगाला उजवीकडून घालायचो," तो थंडपणे म्हणाला. "तू जिंतूरला सांगणार, हे मला ठाऊक होतं. लोकं म्हणतेत, रामकिशनच्या बदल्यात मला दोन गडी मिळाले. मी तीन मोजतो."

गाव टाळ्या वाजवत होतं. आयुष्यात इतक्या टाळ्या महारुद्रला चढाईलाही कधी पडल्या नव्हत्या.