अकरा वाजताचा हात

“तेरा नंबर गोठलाय,” साहेब माझ्या खुर्चीमागून म्हणाले. “घार, बघ जरा. लाइन गेली असेल तर फोन लाव.”

मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. “गोठला नाहीये, साहेब. घड्याळ चालू आहे.”

चित्राच्या कोपऱ्यात बारीक पांढरे आकडे असतात. तास, मिनिटं, सेकंद. चित्र अडकलं की ते आकडेही अडकतात. आमच्या खोलीत कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवते, आधी घड्याळ बघायचं, मग माणूस. तेरा नंबरच्या गोदामाकडचं इंटरनेट गोगलगाईच्या चालीचं, दहा सेकंदांनी एक चित्र येणार. त्यात तिथला वॉचमन स्टुलावर असा बसतो की कुणीतरी आणून ठेवलाय म्हणावं. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी साहेबांची फसगत व्हायचीच.

“अगं, हा माणूस श्वास तरी घेतो का?”

“पगारापुरता घेतो,” मी म्हणाले आणि सगळी खोली हसली.

भिंतीवरच्या पडद्यांवर बावीस गोदामं आणि समोर आम्ही चौघं. माझं नाव घार पडलं त्याला कारण होतं. एकदा चहा पिता पिता मी ओळखलं होतं की थप्पीतलं एक पोतं कालच्यापेक्षा वीतभर पुढं आलंय. त्याच्यामागे माणूस लपलेला निघाला. तेव्हापासून मी ते नाव मिरवत होते, खोटं कशाला बोलू?

शिफ्टवर मोबाइल कपाटात ठेवायचा असा नियम. मला मात्र अकरा वाजता पाच मिनिटांची सवलत होती. साहेब वरून खडूस, पण रोज तेच आठवण करायचे. त्या दिवशीही म्हणाले, “जा, अकराला दोन कमी आहेत. वडील वाट बघत असतील.”

माझे वडील इथून आठ तासांच्या अंतरावर एकटे राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला होता. आई गेली, पुढे स्टुडिओही बंद झाला, आणि मागच्या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले. मी म्हणाले, बाबा, आता पुरे, माझ्याकडे चला. त्यांनी साफ नकार दिला. दोन दिवस आमची जुंपली. शेवटी मी बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवला आणि त्यांनी तह केला. “रोज अकरा वाजता समोर येऊन बसेन. हजेरी घे. पण इथून हलायला सांगू नकोस.”

मी कबूल झाले. माझ्या दोन खोल्यांच्या घरात त्यांना कुठं झोपवायचं हा प्रश्न सुटला होता. मलाही ते सोयीचंच होतं, हे आता लपवण्यात काय अर्थ आहे?

तिकडचं इंटरनेट तेरा नंबरपेक्षाही रडकं. आवाजाचा भार नको म्हणून मी आवाज बंदच ठेवला होता, आणि नाहीतरी बाबांना कमीच ऐकू यायचं. पहिल्या आठवड्यात ते कॅमेऱ्याकडे बघून लहान मुलासारखा हात हलवायचे. मला दिसायचा नुसता चौकोनांचा चिखल. मी फोनवर ओरडून सांगितलं, “बाबा, हात हलवू नका! हललेलं पोचतच नाही. नुसता वर धरा आणि स्थिर ठेवा.”

“मी चाळीस वर्षं लोकांना हलू नका म्हणून सांगितलं,” ते म्हणाले, “आणि आता तू मला शिकवतेस होय?”

पण शिकले. खरं तर त्यांनी त्याचं शास्त्रच करून टाकलं. खुर्चीचे पाय कुठे यायला हवेत त्याच्या खडूने फरशीवर खुणा केल्या, कारण तिथे खिडकीतला उजेड चेहऱ्यावर नीट पडतो. अकराला दोन मिनिटं असताना येऊन बसायचे, केस सारखे करायचे आणि पुतळा व्हायचे. मग थोड्या वेळाने उजवा हात वर. त्याचा अर्थ, झालं, मी ठीक आहे, जा आता कामाला. कधी तो हात मला दिसायचा, कधी दोन चित्रांच्या मधल्या फटीत हरवून जायचा. घड्याळ चालू असायचं. मी निर्धास्त असायचे.

त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून मोबाइल उघडला. आधी चौकोन आले, मग खुर्ची आली. पेपर जमिनीवर पडलेला दिसला. मग बाबा आले, आणि त्यांचा हात वर होता. पुढच्या चित्रातही हात वरच. आणखी एक चित्र आलं, त्यात तर पाची बोटं मोजता येतील इतका स्वच्छ. वर्षभरात इतका सुरेख हात कधी आला नव्हता. डावा हात छातीशी होता. सदऱ्याचं बटण लावत असतील, असं मला वाटलं.

मी ते चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवलं. अकरा वाजून एक मिनिट. वर जाऊन साहेबांना दाखवलंसुद्धा. “बघा, आमचे बाबा. लाइन सुधारली वाटतं.”

“झकास,” साहेब म्हणाले. “ऐटबाज दिसतात.”

मोबाइल कपाटात गेला आणि मी बावीस गोदामांवर डोळ्यांत तेल घालून बसले.

दीड वाजता डबा खाताना सहज पुन्हा उघडलं. बाबा खुर्चीतच होते. मान खाली, दोन्ही हात मांडीवर. मी सवयीने कोपऱ्यात पाहिलं. सेकंद चालू होते. डुलकी लागली असेल, म्हणून मी घास घेतला. मग माझं लक्ष उन्हाकडे गेलं. सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर असलेलं खिडकीतलं ऊन आता समोरच्या भिंतीवर गेलं होतं, आणि पेपर जिथे पडला होता तिथेच होता. जमिनीवर पेपर पडलेला बाबांना चालत नसे. मी डबा बाजूला सारला.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. किल्ली त्यांच्याकडे असायची. मी साहेबांचा फोन घेतला आणि काकूंना लावला. माझ्या मोबाइलवर चित्र चालूच होतं.

“काकू, बाबांकडे जा. आत्ता जा, हातातलं टाकून जा.”

“काय झालं गं? सकाळी तर दूध घेतलं त्यांनी माझ्यासमोर...” त्या बोलत बोलत निघाल्या. कुलुपात किल्ली फिरल्याचा आवाज ऐकू आला. चित्रात अजून बाबा एकटेच होते. “अहो दादा,” काकू म्हणाल्या. “दादा, झोपलात का?” चित्रात दार उघडलं. तोवर फोनवर त्या बाबांपर्यंत पोचल्या होत्या. मग त्यांचा आवाज बदलला. “पोरी. पोरी, तू निघून ये गं.” चित्रात त्या अजून दारातच उभ्या होत्या. बाबांपर्यंत पोचायच्या होत्या. मला सगळं कळून चुकलं होतं आणि त्या पोचेपर्यंत मी ते चित्र बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. “बसल्या जागी गेले. फार त्रास झाला नसणार.” ऐकणाऱ्याला तेवढंच हवं असतं. मलाही हवं होतं.

दोन आठवड्यांनी मी घर आवरायला गेले. फरशीवर खडूच्या चार खुणा तशाच होत्या. झाडू घेऊन आलेल्या काकूंनी तेवढी जागा सोडून बाकीचं झाडलं. मी स्टुलावर चढून कॅमेरा उतरवला आणि त्यातलं नखाएवढं कार्ड काढलं. इंटरनेट कितीही रडकं असलं तरी कार्डात सगळं अखंड उतरतं, एक सेकंदही सुटत नाही. मी दिवसभर हेच काम करते. कुठल्या दिवशीचं, किती वाजताचं, काढून देते.

“नको बघूस गं,” काकू म्हणाल्या. “गेले ते गेले. आता जिवाला का लावून घेतेस?”

मी बघितलं.

दहा अठ्ठावन्नला बाबा येऊन बसले. केस सारखे केले. पेपर मांडीवर घेतला आणि तो घसरला. तो उचलायला ते वाकले आणि तसेच थांबले. डावा हात छातीवर गेला. ते उठायला लागले, अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. त्यांनी त्या दाराकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला थोडंच कमी होतं. मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला.

हलवला नाही. हललेलं पोचत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. रोज तो हात फार तर अर्धा मिनिट वर असायचा. अकरा वाजून दोन मिनिटांनी मी मोबाइल बंद केला होता, आणि हात वरच होता. अकरा वाजून तीन मिनिटांनी तो थरथरू लागला. तेव्हा त्यांनी छातीवरचा हात काढला आणि उजव्या कोपराला खालून आधार दिला. चित्र फाटू नये म्हणून. ते तसेच बसून राहिले, कॅमेऱ्याच्या काळ्या काचेकडे बघत. अकरा वाजून सहा मिनिटांनी हात मांडीवर आला.

काकू दारात उभ्या होत्या. “काय दिसलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “बसलेत नुसते.”

कामावर पुन्हा रुजू झाले त्याला आता महिना होईल. मोबाइलमधलं ते चित्र अजून तसंच आहे. पुसायला हात धजत नाही. अकरा वाजता साहेब माझ्याकडे बघत नाहीत, स्वतःच्या कागदांत डोकं घालतात. चांगला माणूस आहे.

काल तेरा नंबर पुन्हा तसाच दिसला. वॉचमन स्टुलावर, हात मांडीवर. कोपऱ्यात सेकंद चालू होते. शेजारच्या खुर्चीवरचा म्हणाला, “चालू आहे गं, घड्याळ बघ. तूच तर शिकवलंस.”

मी फोन उचलला आणि गोदामाला लावला. तिकडे घंटा वाजत राहिली.

“बोला बाई,” वॉचमन म्हणाला. “काय झालं? काही दिसलं का तुम्हाला?”

“काही नाही, काका. जरा उभे राहा. आणि हात हलवून दाखवा.”

“हात?”

“हो. जोरात हलवा.”

तिकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. दहा सेकंदांनी चित्र बदललं. स्टूल रिकामं होतं, आणि शेजारी चौकोनांचा नुसता चिखल. ना चेहरा ओळखू येत होता, ना हात.

“दिसतोय का, बाई?”

“दिसतोय,” मी म्हणाले. “बसा आता.”