दहा सेंटिमीटर कमी

"काका, दहा सेंटिमीटर कमी आहे," स्पर्धेकडून मैदान तपासायला आलेल्या मिनल मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, परत मोजा. गोलरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत अकरा मीटर असतं. त्यांच्या स्टीलच्या टेपवर दहा मीटर नव्वद आलं. मी तिसऱ्यांदा मोजायला लावलं. त्यांनी न चिडता तिसऱ्यांदा मोजलं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मग त्यांनी मोठी चौकट मोजली. ती दहा सेंटिमीटर कमी. लहान चौकट, तीही दहा कमी. मधला गोल कुठूनही मोजा, दहा कमी. त्या मोबाइलमध्ये लिहून घेत होत्या आणि प्रत्येक रेषेचा फोटो काढत होत्या. माझ्या मागे आमचा वॉचमन साहेबराव उभा होता. आदल्या दिवशी त्यानेच माझ्यासोबत टेप धरला होता.

"दहा सेंटिमीटरनं काय हुतंय," तो म्हणाला. "पोरी तर खेळणार हायेत."

मॅडम हसल्या नाहीत. सतरा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. आठ देशांचे संघ येणार होते. सामने मोठ्या स्टेडियमवर आणि सराव आमच्या मैदानावर. एक मुलगी इथे रोज शंभर वेळा पेनल्टी मारणार, पायाला इथे जी सवय लागेल तीच ती सामन्यात घेऊन जाणार, असं मॅडमनी समजावून सांगितलं. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. मी एकोणीस वर्षं या मैदानावर रेषा मारतो आहे.

"उद्या चार वाजता पहिली टीम येतीये," त्या म्हणाल्या. "मी मशीनवाल्यांना सांगून ठेवते. ते लेझर लावून मार्किंग करतात."

मी म्हटलं, मशीनची गरज नाही, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सात वाजता येऊन मोजते, म्हणाल्या. बरोबर असेल तर ठीक. नसेल तर रेषा मशीनवाले मारणार आणि मला गेटवर बसावं लागणार होतं.

त्या गेल्यावर मी साहेबरावला धरलं. टोक खुंटीला नीट लावलं नाहीस, तुझं लक्ष मोबाइलमध्ये असतं, एवढंसं काम जमत नाही, असं बरंच बोललो. तो बीडकडचा, वयाने माझ्याएवढा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि टोपी डोक्यावर घातली.

"वहिनीला बोलायचे तसं मला बोलू नका," तो म्हणाला. "ती ऐकून घ्यायची. म्या न्हाई घेणार."

आणि तो गेटवरच्या केबिनकडे निघून गेला.

वहिनी म्हणजे माझी बायको, मंजुळा. फेब्रुवारीत गेली. सकाळी डोकं दुखतं म्हणाली आणि दुपारी दवाखान्यात गेली ती गेलीच. ती याच मैदानावर झाडायला होती. आम्ही करमाळ्याकडचे. आधी मी चाकणला पत्र्याचे भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये होतो. ती कंपनी बंद पडल्यावर इथे ठेक्यावर लागलो आणि वर्षभरात तीही लागली. रेषा मारायचं काम दोघांचं असतं. टेपची चकती माझ्याकडे, दुसरं टोक तिच्याकडे. ती टोक खुंटीला अडकवून, त्यावर बोट दाबून उन्हात उभी राहायची, आणि मी पलीकडून ओरडायचो. ताण. सोड. हलू नकोस. पदर सांभाळ, रेषेवर येतोय.

मी ओरडणारा माणूस आहे. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला बोलायचं तर ओरडावंच लागतं, असं मी म्हणायचो. घरातही तसाच बोलायचो. घर दोन खोल्यांचं आहे.

रेषा मारून झाल्या की ती त्यांच्यावर कधी पाय ठेवायची नाही. पाण्याची बाटली आणायची असली तरी उंबरा ओलांडावा तसा पाय उचलून रेषेपलीकडे टाकायची. मी तिला हसायचो. एवढ्या वर्षांत एकाही कोचने मापाबद्दल तक्रार केली नाही. संत तुकाराम नगरच्या क्लबचा कोच तर पोरांना सांगायचा, ज्योतीराम काकांचं माप म्हणजे डोळे मिटून खेळा. तो असं म्हणाला की मी घरी येऊन दोनदा सांगायचो. ती भाजी चिरत ऐकायची.

ती गेल्यानंतर रेषा मारायची वेळच आली नव्हती. स्पर्धेसाठी मैदान बंद ठेवून नवीन गवत लावलं. आठ महिने आम्ही नुसतं पाणी मारत होतो. नवे संडास झाले, भिंतींना रंग झाला, गळ्यात घालायचे पास आले. माझ्या पासवर फोटो दुसऱ्याचाच लागला. तो बदलून घ्यायला तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला कळलं की पास फक्त गेटपर्यंतचाच आहे. मी विचारलं, मग आत रेषा कोण मारणार? तेव्हा सरावाच्या आधी आत जायचं, टीम आली की बाहेर यायचं, असं ठरलं. बाहेरच्या देशांची माणसं येणार म्हणून मी पंधरा दिवस एकेक वस्तू घासत होतो. रेषांच्या पांढऱ्या पावडरचा डबा घासला, खुंट्या घासल्या, टेप धुतला. टेपच्या टोकाला दोरीचं एक कडं बांधलेलं होतं, घामाने काळं पडलेलं. मंजुळेने खुंटीत अडकवायला सोपं जावं म्हणून बांधलं असेल, असं मला वाटायचं. ते फार घाण दिसत होतं. ब्लेडने कापून टाकलं.

त्या संध्याकाळी एकट्याने काम सुरू केलं. टेपचं टोक खुंटीला खिळ्याने दाबून ठेवलं आणि पलीकडे गेलो. टेप ताणला की खिळा सुटायचा. पुन्हा अलीकडे यायचं, खिळा दाबायचा, पुन्हा पलीकडे जायचं. पाच-सहा वेळा झालं. एकदा कसाबसा टिकला. मी अकरा मीटरवर पाहिलं तर बरोबर कालच्याच ठिपक्यावर आलो होतो. म्हणजे साहेबरावने टोक बरोबर धरलं होतं. मग चुकत काय होतं? मी तिथेच बसलो. मॅडमचाच टेप खोटा असेल, असंही मनात आलं. माणूस काय वाट्टेल ते मानतो.

इंदुताई झाडू घेऊन घरी निघाल्या होत्या. त्या मूळच्या पुनावळ्याच्या, मंजुळेबरोबर झाडायला असायच्या. मी त्यांना म्हटलं, ताई, जरा टोक धरता का. त्यांनी झाडू ठेवला, टोक हातात घेतलं, आणि उलटसुलट करून पाहिलं.

"मंजुळाची दोरी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"कापली. घाण झाली होती."

त्या खाली बसल्या आणि टेपची पहिली फूटभर पट्टी गुडघ्यावर पसरून मला दाखवली. सुरुवातीचे आकडे घासून गेलेले होते. मला चष्म्यातूनही दिसत नव्हते. त्यांनी बोटाने दाखवलं. पहिला वाचता येणारा आकडा वीस होता, आणि तो टोकापासून फक्त पाच बोटांवर होता.

"ह्याचं टोक तुटलंय," त्या म्हणाल्या. "पाच वर्सं झाली. तिनं टेप पसरून ठेवला व्हता आन त्यावरनं रोलर गेला. कडीसकट तुटलं. लई घाबरली. म्हणली, इंदे, सांगू नगं, आठ दिस घर डोक्यावर घेत्याल."

"मग?"

"मग काय. पिंकीच्या कंपासातली पट्टी आणली. त्या पायरीवर बसून जेवढं तुटलं तेवढ्या मापाची दोरी बांधली. तीनदा सोडली, तीनदा बांधली. दोरी ताणल्यावर लांबती म्हणून जरा आखूड धरली व्हती. म्हणली, त्यांचं माप चुकाय नगं."

पिंकी आमची मुलगी. ती आता सासरी असते, हिंजवडीला नोकरी करते. तिची ती पट्टी कुठे हरवली म्हणून मी तेव्हा तिलाही ओरडलो होतो. ते मला लख्ख आठवलं.

आधी मला मंजुळेचाच राग आला. सांगितलं असतं तर एक अर्ज केला असता, नवीन टेप आला असता. पाच वर्षं माणूस असं कसं लपवतो? मग मी तिने सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मनात चालवून पाहिलं. मी आठ दिवस ओरडलो असतो. कदाचित दहा.

मी उठून संडासामागच्या कचऱ्याकडे गेलो. रंगाचे ब्रश होते, सिमेंटच्या गोण्या होत्या, पुठ्ठे होते. सगळं हातांनी उपसलं. इंदुताई मागून आल्या आणि म्हणाल्या की पिशवीतला कचरा मंगळवारीच घंटागाडीत गेला. मला ते माहीत होतं. पिशव्या मीच गाडीत टाकल्या होत्या.

इंदुताईंनी आपल्या पिशवीतून सुतळी काढली. ऑफिसातून पट्टी आणली. मी बांधायला बसलो तर गाठ सरकत होती. ताणलं की एक सेंटिमीटर वाढायचं. दुसऱ्यांदा बांधली तर कमी पडली. तिसऱ्यांदा सुतळीच तुटली. शेवटी मी सुतळी फेकली आणि जोरात शिवी दिली, कोणाला ते मलाही ठाऊक नाही. इंदुताईंनी सुतळी उचलली, माझ्याकडे न बघता गाठ मारली, आणि पट्टीवर ताणून दाखवली. बरोबर दहा.

मग मी गेटवर गेलो. साहेबराव केबिनमध्ये डबा उघडून बसला होता. मी दारात उभा राहिलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि हे वाक्य मी घरात एकदाही बोललो नव्हतो, म्हणून ते तोंडातून यायला वेळ लागला.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "तू टोक बरोबर धरलं होतंस."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "जेवलात का?" म्हणाला.

सकाळी साडेपाचला आम्ही तिघं मैदानावर होतो. इंदुताईंनी चुकलेल्या रेषा झाडून काढल्या. साहेबरावने सुतळीचं कडं खुंटीत घातलं. मी पलीकडे चकती धरून उभा राहिलो आणि हळू आवाजात म्हटलं, जरा ताण. तो तसाच उभा. मी परत म्हटलं.

"वरडा की राव," तो पलीकडून म्हणाला. "ऐकू यीना."

सात वाजता मिनल मॅडम आल्या. अकरा मीटर. मोठी चौकट साडेसोळा मीटर. लहान साडेपाच. गोलाला नऊ मीटर पंधरा. त्यांनी प्रत्येक ठिकाणी मोजलं, आणि प्रत्येक ठिकाणी टेप रेषेवर आला.

"परफेक्ट आहे, काका," त्या म्हणाल्या. "काल काय झालं होतं?"

मी म्हटलं, टेपमध्ये बिघाड होता. तेवढ्यात गेटमधून मशीनवाल्यांचा टेम्पो आत आला. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. वरून काल रात्रीच ऑर्डर निघाली, म्हणाल्या, आता कॅन्सल होत नाही, सगळ्या मैदानांवर सारखा रंग हवा असं त्यांचं म्हणणं आहे. मी म्हटलं, मग सातला मोजायला कशाला आलात? माझा आवाज चढला होता. साहेबरावने माझा दंड धरला.

मशीनवाला साधा माणूस होता. त्याने लेझर लावला, दोन-तीन जागी पाहिलं, आणि लेझर परत पेटीत ठेवला. म्हणाला, लाइन बरोबर आहे, हिच्यावरनंच चालवतो. तासाभरात माझ्या सगळ्या रेषांवर त्याचा ओला पांढरा रंग चढला. आमची पावडर खाली राहिली. कोणाला दिसणार नाही.

चार वाजता उझबेकिस्तानच्या मुलींची बस आली. मी केबिनजवळ होतो, माझा पास तिथपर्यंतच होता. पिंकी शाळेत असताना होती तेवढ्याच त्या पोरी. गलका करत, एकमेकींना ढकलत आत गेल्या. सगळ्यात मागे एक बारीक वेणीवाली होती. ती कडेच्या रेषेपाशी थांबली आणि पाय उचलून, रेषेवर न ठेवता, पलीकडे टाकला. मग पळत सुटली. थोड्या वेळाने त्यांच्या कोचने पेनल्टीच्या ठिपक्यावर चेंडू ठेवला आणि एकेक जण मारायला लागली. मी जाळीला धरून बघत राहिलो. साहेबराव म्हणाला, बसा की. मी बसलो नाही.

जाताना मिनल मॅडमनी मला एक नवीन टेप दिला. स्टीलचा, पन्नास मीटरचा. काका, तुमच्यासाठी, म्हणाल्या. मी आभार मानले. जुना टेप मी सुतळीसकट घरी आणला आहे. नवा ऑफिसच्या कपाटात आहे. त्याचं टोक शाबूत आहे, आकडे स्वच्छ आहेत, शून्यापासून सुरू होतात. तो कोणीही धरला तरी माप बरोबर येईल.