परातीतल्या मऊ वड्या

मी पितळेची परात आहे, मित्रांनो. माझ्या काठाला पोचे आहेत आणि तळाला सुरीचे ओरखडे, त्यामुळे मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. मला घडवताना बसलेले ठोके अजून अंगावर दिसतात. मोरगावच्या एका बापानं बारामतीच्या बाजारातून मला घेतलं, काठावर लेकीचं नाव घातलं आणि राजलक्ष्मीच्या लग्नात मी इंदापूरला आले.

तिचा नवरा इंद्रजित डाळिंबांचा टेम्पो घेऊन पुण्याला जायचा. वाटेत मिळेल ते खाऊन त्याचं पोट बिघडायचं, म्हणून राजलक्ष्मीनं वड्या करायला घेतल्या. ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, तीळ, जवस. गुळाचा पाक झाला की सगळं त्यात ढवळून माझ्या तूप लावलेल्या तळावर ओतायचं, वाटीच्या बुडानं दाबायचं आणि गरम असतानाच कापायचं. "दोन खाल्ल्या की दुपारपर्यंत भूक लागत न्हाय," असं इंद्रजित सगळ्यांना सांगायचा. शेजारणी वड्या मागून न्यायच्या. चिंच लावून मला लख्ख घासलं जायचं.

मग एका सकाळी हायवेवर टेम्पो उलटला. इंद्रजित परत आला नाही.

राजलक्ष्मी रडली नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले आणि तिनं वड्या करायला घेतल्या. नेहमीसारख्याच. डबा भरून कट्ट्यावर ठेवला. दर आठवड्याला तेच चालायचं. जुन्या वड्या खवट व्हायच्या, त्या शेळीपुढं जायच्या. एकदा पाक जळला. तिनं तोही माझ्यात ओतला, दाबला आणि सुरी रुतेना तेव्हा नुसती बसून राहिली. त्यानंतर वड्या बंद झाल्या. काळा थर तसाच अंगावर घेऊन मी न्हाणीपाशी टेकून राहिले. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, काही वाटलं नाही. त्या घरात कुणालाच काही वाटत नव्हतं.

इंद्रजितची आई द्वारकाबाई दिवसभर खाटेवर असायची. ताट पुढं आलं की "भूक न्हाय" म्हणायची. राजलक्ष्मी ताट उचलून न्यायची. एका दुपारी म्हातारी पाणी घ्यायला उठली आणि माझ्या शेजारीच कोसळली.

दवाखान्यात सलाईन लावलं. पोटात अन्नच नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर राजलक्ष्मीनं सासूला विचारलं, "आत्या, खरं सांगा, जेवत का न्हाय तुमी?"

"चावत न्हाय गं. इंद्रा भाकरी दुधात कुस्करून द्यायचा."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"तुला कुठं काय ऐकू येत हुतं."

राजलक्ष्मी उठली. तिनं मला न्हाणीपासून उचललं, थर गरम पाण्यात भिजवला, उलथन्यानं खरवडला. शेंगदाणे आणि तीळ मिक्सरमधून अगदी बारीक काढले. खजूर दुधात शिजवून घोटला, बाजरीचं पीठ तुपात भाजलं. सगळं कालवून माझ्यात मऊसर थापलं. पहिली वडी तिनं द्वारकाबाईच्या हातात दिली. म्हातारीनं निम्मी तोंडात घोळवून गिळली आणि उरलेली सुनेपुढं धरली.

"तू बी खा. तू तरी कवा जेवलीस?"

राजलक्ष्मीनं ती उभ्यानंच खाल्ली. चव कळली की नाही, तिच्या चेहऱ्यावरून मला सांगता येणार नाही. पण तिनं आणखी एक वडी कापली आणि खायला सासूजवळ खाली बसली.

मित्रांनो, भांडं घासायचं राहिलं तर डाग दिसतो. माणूस उपाशी राहिलं तर फक्त "भूक नाही" एवढंच ऐकू येतं. तुमच्या घरात कुणी असं म्हणालं, तर ताट लगेच उचलू नका. जवळ बसा आणि घास चावता येतो का ते विचारा.