बनुबाईचं चारशे शेअर

मी बनुबाई. कुंडलात दिलेली, रहिमतपूरच्या बापाची एकुलती एक लेक. तुमी म्हणाल, बाईमाणसाला शेअर बाजारातलं काय कळतंय? आमच्या थोरल्या दिरालाबी तसंच वाटायचं. त्यांचा भ्रम फिटला, तुमचाबी फिटंल.

बापाच्या मागं रहिमतपूरची तीन एकर जमीन माझ्या नावावर आली. रस्त्याला लागून, काळीभोर. कराडच्या मानसिंगरावास्नी इंजिनांचा कारखाना काढायचा हुता आन् त्यास्नी नेमकी तीच जमीन पायजे झाली. 'सह्यकाठ इंजिन्स लिमिटेड' म्हणून पब्लिक कंपनी काढली हुती त्यांनी. थोडी रोकड आन् बाकीच्या किमतीचं चारशे शेअर, असा सौदा ठरला. खरेदीखतावर सही माझी. शेअर मातर थोरल्या दिराच्या, नाथाजीदादांच्या नावावर. माझं मालक तवा पलटणीत, पठाणकोटला. त्यांचं पत्र आलं, दादा म्हणत्याल तसं कर. नवरा लढाईला भीत न्हवता, भावाला भीत हुता.

आमच्याच घरात असं झालं असं न्हाई. आमच्याकडं सातबारा, रेशनकार्ड, सगळं कर्त्याच्या नावावर असतंय. कंपनी निघाली तवा गावोगावच्या माणसांनी आपापल्या नावानं शेअर घेतलं, म्हणून तर कंपनीचं नाव मुंबईच्या शेअर बाजाराच्या यादीत लागलं. पण पुढच्या दोन-तीन वर्सांत ह्या शहाण्यांनी काय करावं? ज्या त्या भावकीनं सगळ्यांचं शेअर गोळा करून कर्त्याच्या नावावर करून टाकलं. घरात वीस नावं कशाला, म्हणं, वाटण्या झाल्यागत दिसतंय. मानसिंगराव खूश. कर्ते हाताशी असलं की कंपनीची सभा खिशात.

आणीबाणी उठली त्या साली मुंबईचं पत्र आलं आन् सगळ्यांची पाचावर धारण बसली. कंपनीचा शेअरचा कारकून जाफर, भला माणूस, त्यानं आमच्या सोप्यात बसून समजावून सांगितलं. यादीत राहायचं तर कंपनीचं शेअर लय माणसांच्यात पसरलेलं पायजेत, असा बाजाराचा नियम हाय. आता कंपनीच्या शेअरवाल्यांच्या वहीत मोजकी नावं उरल्यात. सहा महिन्यांत माणसं वाढवा, न्हाईतर यादीतनं काढू. यादीतनं गेलं की बाजारात विक्री बंद, आन् कागदाला कुत्रंबी विचारणार न्हाई.

मानसिंगरावांनी तोड काढली. कर्त्यांनी दहा-दहा शेअर घरातल्या माणसांच्या नावावर करायचं. संगट त्या माणसांकडनं दुसऱ्या एका छापील कागदावर सही घ्यायची, की हे शेअर मी परत देतो. तारखेची आन् नावाची जागा कोरीच. तो कागद कर्त्यापाशी. म्हंजे आमच्या घरातनं मुंबईला दाखवायला माणसं चौदा आन् खरा धनी एकच.

दादांनी सोप्यात आमास्नी रांगेनं बसवलं. अंगठ्यांवर अंगठं उठलं. मी चौथी शिकलेली. पहिल्या कागदावर सही केली, दुसरा वाचायला लागले. जाफरला इचारलं, ह्यो कशाचा? त्यानं मान खाली घालून खरं सांगितलं. दादा म्हणालं, "वाचत काय बसलीस? सही कर आन् भाकरी टाकायला जा."

सही केली. खोटं कशाला बोलू, भ्याले. समदी बघत हुती, जाऊ भामाबाई तर तोंडाला पदर लावून हसत हुती. भाकरी टाकताना माझा जीव नुसता जळत हुता. माझ्या बापाची जमीन, त्याचं चारशे शेअर, त्यातलं दहा मला दाखवायला दिलं आन् तेबी त्याच हातानं काढून घेतलं.

दोन महिन्यांनी मुंबईचा साहेब कराडच्या कचेरीत आला. वहीत एकदम एवढी नावं कशी वाढली, म्हणून त्याला वास आला हुता. त्यानं वहीतली काही नावं निवडली आन् ती माणसं समोर आणा म्हणाला. आमच्या घरातनं माझं नाव निघालं.

सह्यांच्या कागदांची पिशवी दादा घरात कुणाच्या भरवशावर ठेवत न्हवतं; एस्टीत ती मांडीवर घेऊन मला पोपटागत पढवत हुतं. शेअर माझं हायत म्हण, माझ्या खुशीनं घेतलं म्हण, जास्त तोंड उघडू नगंस. म्या ऐकून घेतलं. मग ताकारीच्या पुढं त्यास्नी हळू आवाजात म्हणलं, दादा, माझ्या जमिनीचं चारशे शेअर माझ्या नावावर करा, मी सांगाल ते बोलते. माझं मागणं काय जगायेगळं न्हवतं. व्हय म्हणलं असतं तर देवाशप्पथ मी खोटं बोलले असते.

दादा हसलं. "सासरी आल्यावर बाईचं काय असतंय? अंगावरचं लुगडंबी घराचं हाय."

एस्टी भरलेली हुती. मागच्या बाकड्यावरची माणसंबी हसली. मी कराड येस्तवर खिडकीतनं ऊस बघत बसले.

कचेरीत मानसिंगराव खुर्चीत, दादा त्यांच्या शेजारी, तीच पिशवी मांडीवर. साहेब अदबीनं बोलला. "बाई, हे दहा शेअर तुमचेच आहेत ना?"

"न्हाईत," म्या म्हणलं. "माझं चारशे हायत, ते ह्यांच्या नावावर हायत. आन् ह्या दहाचा माझ्या सहीचा कोरा कागद दादांच्या त्या पिशवीत हाय. माझाच न्हाई, घरातल्या चौदाच्या चौदा जणांचा हाय."

दादांनी पिशवी पोटाशी धरली. तिथंच साहेबाला कळायचं ते कळलं. मानसिंगरावांचा चेहरा असा उतरला की मला आत कुटंतरी थंडगार वाटलं. पाप लागलं असंल तर लागू दे.

कंपनीचं नाव यादीतनं गेलं. माझ्या जमिनीच्या किमतीचाबी त्यात बट्ट्याबोळ झाला, ते मला कळत हुतंच की. गावात बाया माझ्याशी बोलंनात. भामाबाईनं माझी घागर वेगळी ठेवली. पंचक्रोशीतली माणसं बोट दाखवून म्हणायची, हीच ती, हिनं कंपनी बुडवली. कंपनी कशानं बुडती? कारखाना चालूच हुता, इंजिनं निघतच हुती. पण बाजारात इकता येत न्हाई म्हंजे कागद मेला, असं ज्यानं त्यानं डोक्यात घेतलं.

मालक सुट्टीवर आलं तवा दादांनी वाटण्या काढल्या. बैलजोडी दादांकडं, मळ्यातली विहीर दादांकडं, आमाला माळाचा तुकडा. माझ्या मालकांनी दादा म्हणत्याल तिथं सही केली. मग दादांनी कागदांचं बंडल माझ्या अंगावर टाकलं. चौदा जणांकडनं परत घेतलेलं धरून, सगळं चारशे, सही करून. म्हणालं, घे, लय हौस हुती ना, चुलीत घालायला हुतील.

म्या चुलीत घातलं न्हाईत. दुसऱ्या दिवशी एस्टीनं कराडला गेले आन् जाफरपाशी बसून वहीत माझं नाव लिहून घेतलं. त्यानं दोनदा इचारलं, मालकांचं नाव संगट टाकू का? म्हणलं, नगं.

पुढच्या साली कंपनीची सभा लागली. मला टपालानं नोटीस आली, माझ्या नावानं. कचेरीच्या दाराशी जाफर वही घेऊन बसलेला. माझं नाव सापडलं, खूण केली, आत जा म्हणाला. आतल्या खुर्च्यांवर सगळे फेटेवाले, मी एकटी बाई. पुढच्या रांगेत जाऊन बसले. सगळे वळून वळून बघत हुते, पण उठले न्हाई.

थोड्या वेळानं जाफर वाकून माझ्यापाशी आला. दादा सवयीपरमाणं सभेला आलं हुतं, पण घरात शेअर ते चारशेच, तवा वहीत आता त्यांचं नाव कुटंच न्हवतं. दारातनं आत सोडता येत न्हाई म्हणल्यावर त्यांनी कागद पाठवला हुता. तुमच्या वतीनं नाथाजीदादांनी सभेला बसावं, असा मुखत्यारीचा कागद. खरं तर तो दोन दिवस आदी यायला पायजे, जाफर म्हणाला, पण मानसिंगराव चालवून घेत्याल. तुमची तेवढी सही पायजे.

म्या तो कागद वाचला. सगळा वाचला, सावकाश, खालच्या बारीक अक्षरासकट. मानसिंगराव सभा सुरू करायचं थांबलं हुतं. उघड्या दारातनं दादा उन्हात उभं दिसत हुतं, डोळं माझ्या हाताकडं.

कागद तसाच, बिनसहीचा, जाफरच्या हातात परत दिला. म्हणलं, "दादास्नी सांगा, सभा संपंस्तवर सावलीत बसा."