फुटण्याआधीच फुटलेली हंडी

मित्रांनो, मी एक जुनी काढ्याची हंडी आहे. ‘आहे’ म्हणते ते सवयीने. खरे तर आता माझे तुकडेच उरले आहेत, नदीकाठच्या आमच्या गल्लीच्या कडेला पडलेले.

कुंभाराने मातीत वाळू मळून मला घडवले, म्हणून कितीही विस्तव सोसला तरी मला तडा गेला नाही. एका बाजूला तोटी, दुसऱ्या बाजूला दांडा. दांडा तापतो म्हणून माझ्या मालकांनी, जियांग काकांनी, त्याला स्वतःच्या हाताने वेताची पट्टी गुंडाळली. ते नाव वल्हवणारे, त्यांची गाठ कधी सुटत नसे. लोखंडात काढा नासतो, असे आमचे वैद्य बजावून सांगतात. त्यामुळे गल्लीत कोणी आजारी पडले की जियांग काकूंच्या दारात माझी मागणी येई.

आमच्याकडे काढ्याची हंडी कोणी परत नेऊन देत नाही. ती दुसऱ्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवणे म्हणजे त्याच्या घरी दुखणे पोचवणे. ज्याचा आजार बरा झाला त्याच्याकडेच मी राहायची. पुढे ज्याला गरज पडेल त्याने येऊन न्यायची, मग ती मालकीण का असेना. मला नेणारा फक्त एवढेच म्हणे, “मागाल तेव्हा मिळेल.” एवढ्या शब्दावर सारी गल्ली चालत होती. कितीतरी घरांच्या चुली मी पाहिल्या, पण कोणी तो शब्द मोडला नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

एका हिवाळ्यात शेजारच्या त्साययुनच्या मुलाची, दोउदोउची, छाती भरली. पोर खोकून खोकून निळे पडे. त्साययुनने मला नेले आणि ठरलेला शब्द दिला. थंडीभर ती माझ्यापाशी बसून चूल फुंकत होती. काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकत होती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली आजार तुडवला जावा. अखेर पोर उठले, धावू लागले. त्साययुनने मला कोनाड्यात ठेवून वर फडके टाकले. ती मला हात जोडी. खोटे कशाला बोलू, मीही थोडी फुगले होते.

वसंतात नदीला पूर आला आणि जियांग काकांनी तशीच छाती भरून अंथरूण धरले. काकू हंडी मागायला आल्या तेव्हा दोउदोउ दारातच खेळत होता. त्साययुनने एकदा त्याच्याकडे पाहिले. मी घराबाहेर गेले तर माझ्यामागून दुखणे परत येईल, हे भय तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसले.

“काकू, ती फुटली हो,” ती म्हणाली. “हा बरा झाला त्याच दिवशी हातातून पडली.”

काकूंचा चेहरा उजळला. बरे झाल्यावर हंडी फुटणे आमच्याकडे शुभ मानतात.

“फुटली ना? मग सुटलीस तू, पोरी. दुखणं कायमचं गेलं समज.” त्यांनी दोउदोउच्या डोक्यावरून हात फिरवला. “मी बघते काहीतरी. लोखंडाची कढई आहे घरात.”

मी फडक्याखाली होते, अगदी अखंड. मला ओरडता आले असते तर!

नवी हंडी आणावी तर बाजार नदीपलीकडे, आणि पुरात नाव सुटत नव्हती. भिंतीपलीकडून कढईतल्या काढ्याचा करपट वास येत राहिला आणि खोकला ऐकू येत राहिला. पाणी ओसरण्याआधीच खोकला थांबला. माझ्यात उकळलेल्या काढ्याने काका वाचले असते का, ते मला ठाऊक नाही. वैद्यांनाही नाही. पण त्यांना तो मिळायला हवा होता.

त्साययुन दुखवट्याला जाऊन आली. आल्या आल्या तिने मला कोनाड्यातून काढले आणि मागच्या दगडावर आपटले. बोललेले खरे करायचे होते तिला! तुकडे तिने गल्लीच्या कडेला फेकले.

सकाळी काकू पाण्याला निघाल्या आणि थबकल्या. माझा दांडा त्यांनी उचलला. वेताची गाठ ओळखली. फुटलेल्या कडेवरून बोट फिरवले; कड कोरी होती, तिच्यावर धुळीचा कण नव्हता. त्साययुन दारातच उभी होती.

“मी माझी वस्तू परत न्यायला आले नव्हते गं,” काकू म्हणाल्या. “तू आली होतीस ना पोरासाठी, तशीच आले होते. यांच्यासाठी.”

काकू दांडा छातीशी धरून घरी गेल्या.

आता गल्लीत प्रत्येक घरात स्वतःची हंडी आहे. कोणी कोणाला देत नाही, कोणी मागत नाही. मित्रांनो, फुटलेल्या हंडीची कीव करू नका, बाजारात हंड्या पुष्कळ मिळतात. जपायचेच असेल तर तोंडातून गेलेला शब्द जपा. तो मोडला तर बाजारात दुसरा मिळत नाही.

मुले माझ्या खापऱ्यांची ठिकरी करून खेळतात. त्यांत दोउदोउ सर्वांत उंच उडी मारतो. तो धडधाकट आहे, याचा मला अजून आनंद होतो. संध्याकाळी त्याची आई दारातून हाक मारते, “ये रे, रागावणार नाही मी.” दोउदोउ लगेच धावत जातो. तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारा गल्लीत आता तो एकटाच उरला आहे.